तोफखान्यातल्या दादास

७ नोव्हेंबर

दादा,

पाकिटावर तुझं अक्षर बघून वाटलं, कुणीतरी गेलं. वहिनी गेली, आई गेली, आता जायला उरलंय कोण? तू आणि तुझा मुलगा. म्हणून बराच वेळ पाकीट फोडायला हात धजेना. फोडलं तर आत चार ओळी. तो आघाडीवरून पळाला आहे, तुझ्याकडे आला असल्यास ताबडतोब कळव. खाली सही. ‘कशी आहेस’ नाही की काही नाही. पेन्शनीत निघून इतकी वर्षं झाली, तरी तू अजून हुकूमच लिहितोस.

तर उत्तर घे. तो इथे नाही.

आणि तो इथे कशाला येईल? ज्या आत्याचं नाव त्याच्यासमोर काढायचं नाही असा तुझ्या घरचा कायदा, तिचा पत्ता त्याला कोण देणार? त्याला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा असेल. दाराच्या फटीतून बघत होता, तू माझे केस कापत होतास तेव्हा.

तू विसरला असशील, मी नाही विसरले. आम्ही भरती कचेरीच्या पायऱ्यांवर बादलीभर लाल रंग ओतला, एवढंच केलं होतं. त्या दिवशी तरुण पोरांची रांग होती आणि रंगातून चालत आत जायचं कुणाला धाडस होईना. तू रजेवर आला होतास. केसांना धरून मला चौकातून घरापर्यंत फरपटत आणलंस, दारात स्टुलावर बसवलंस आणि आईच्या शिवणाच्या कात्रीने डोकं साफ केलंस. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, एकीनेही तोंड उघडलं नाही. कात्री कानाला लागली. तो कान वरून अजून चिरलेला आहे, थंडीत ठणकतो. आई म्हणत होती, “अरे बास कर, पोरगी आहे ती.” तू म्हणालास, “पोरगी नाही, तोफ आहे.”

लहानपणी मी भोकाड पसरलं की सगळी आळी गोळा व्हायची, म्हणून तूच ते नाव ठेवलं होतंस. पुढे तू तोफखान्यात गेलास आणि मी रस्त्यावर. मी दारूगोळ्याच्या ट्रकांपुढे आडवी झाले, दोनदा बरगड्या मोडून घेतल्या, तीनदा तुरुंगात गेले आणि तुला बढत्या मिळत गेल्या. सांगण्यासारखं एवढंच. केस मी पुन्हा वाढवले नाहीत.

मुलगा मिळाला तर त्याला मारू नकोस, एवढंच सांगेन. ऐकणार नाहीस ते माहीत आहे.

आणि हो, तो लहानपणी झाडावरून पडला होता तेव्हा त्याला कुठलं तरी इंजेक्शन चालत नाही, अंग सुजतं, असं डॉक्टर म्हणाले होते ना? कुठलं ते? सहज विचारते. पण उत्तर लवकर दे.

तोफ


१९ नोव्हेंबर

दादा,

तू ओळखलंस. ‘इंजेक्शनचं सहज कोण विचारतं’ असं लिहिलंस ते वाचून मी हसले. औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेस. त्या रेघांमुळे तो वाचला, कारण डॉक्टरच्या पिशवीत नेमकं तेच औषध होतं.

पुढे लिहिलं आहेस, ‘जिवंत आहे एवढंच सांग, मी कुणाकडे बोलणार नाही, आईशपथ.’ तू शपथ घेणाऱ्यातला नाहीस. म्हणून सांगते. तो इथे आहे, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

माझं नाव विचारत विचारत, मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन आला. जखमेत पू झाला होता, ताप डोक्यात गेला होता. आमच्या वकीलबाईंनी ओळखीचा डॉक्टर आणला. कपडे इस्त्री करायच्या टेबलावर त्याला झोपवला, आम्ही चौघांनी हातपाय धरले आणि डॉक्टरने मांडी उघडली. भूल पुरेशी नव्हती. तो ओरडला नाही, पण माझ्या दंडावर त्याचे दात उमटले आहेत. तुकडा निघाला तो माझ्या अंगठ्याएवढा. आता ताप उतरलाय, लंगडत का होईना, चालतो.

आम्ही राहतो ती जागा म्हणजे एक बंद पडलेली लाँड्री आहे. मोठाली धुवायची यंत्रं, सिमेंटच्या टाक्या, कपडे वाळवायची एक उबदार खोली. यंत्रं मालकाला विकता आली नाहीत आणि आम्हाला हलवता आली नाहीत. पुढच्या भागात आम्ही पोस्टरं छापतो. युद्धाविरुद्धची, दुसरी कुठली? इथे कुणाचं काही स्वतःचं नसतं. कपडेसुद्धा सगळ्यांचे. मधल्या टाकीत ढीग असतो, सकाळी उठून जे हाताला येईल ते अंगात घालायचं. आचारीण कधी वकीलबाईंचा कोट घालून कांदे चिरते. डोकी एकाच मशीनने भादरली जातात. तू बघशील तर म्हणशील, वेड्यांचा बाजार आहे. तुझ्या बराकीपेक्षा फार वेगळं नाही रे.

इथे एक चिमटा आहे. हाडांचा सापळा, म्हणून चिमटा. त्याची आई आमच्याबरोबर ट्रक अडवायची. ती तुरुंगातच गेली, तेव्हापासून हा माझ्या ताटात वाढलेला. तुझ्या मुलाच्याच वयाचा आहे, उंचीलाही तेवढाच. मला म्हातारे म्हणतो आणि दिवसातून तीनदा तरी माझ्या शिव्या खातो. परवा त्याने पातेल्यावर झाकण आपटलं, गंमत म्हणून. पुढच्या क्षणी तुझा मुलगा त्याच्या छातीवर बसून गळा आवळत होता. डोळे उघडे, पण बघत कुणाकडेच नव्हता. चिमटा निळा पडला. आचारणीने पोळीचं लाटणं तुझ्या मुलाच्या पाठीत घातलं तेव्हा कुठे हात सुटले. चिमट्याला दोन दिवस बोलता येईना, आणि बोलायला लागल्यावर पहिलं वाक्य काय, तर “म्हातारे, तुमचं अख्खं खानदानच हातघाईवर येणारं दिसतंय.” त्या रात्रीपासून दोघं शेजारी झोपतात. तो घाबरून उठला की चिमटा त्याच्याशी गप्पा मारतो.

तो का पळाला, ते आता ऐक. तू तोफ डागायचास, पण गोळा कुठे पडला ते बघायला तू कधी गेलास का? तुझ्या मुलाचं कामच ते होतं. टेकाडावर पालथं पडून दुर्बिणीतून बघायचं आणि मागे सांगायचं, डावीकडे घ्या, थोडा पुढे टाका. खाली एक पाण्याची टाकी होती, तिथे कॅन घेऊन बायका-पोरांची रांग लागलेली. पहिला गोळा अलीकडे पडला. याने कळवलं, लोक आहेत. वरून विचारणा झाली, अंतर सांग. याने पुन्हा सांगितलं, लोक आहेत. पुन्हा तेच, अंतर सांग. मग याने अंतर सांगितलं. अचूक सांगितलं, तुझाच मुलगा तो. दुसरा गोळा रांगेत पडला. एका बाईचा हात कॅनच्या मुठीत तसाच राहिला होता आणि कॅन उभा होता, सांडलासुद्धा नव्हता. तो म्हणतो, “आत्या, मला बाकी काही आठवत नाही, तो कॅन आठवतो.”

ते हिरवं जाकीट तो अंगातून काढत नाही. धुवायला दे म्हटलं तर छातीशी धरतो. रोज सकाळी जाकीट घालून फाटकापाशी उन्हात बसतो, तोंड रस्त्याकडे करून. मला वाटतं, तो तुझी वाट बघतो. बोलत नाही तसं.

तू शब्द दिला आहेस. जरा सावरला की भेट घालून देईन. मग तू त्याला काय शिव्या देणार असशील त्या दे, पण आधी पाणी पी, बस, त्याचं ऐकून घे.

तोफ


२ डिसेंबर

तुला त्यांनी कळवलं असेलच. तरी माझ्या अक्षरात वाच.

सकाळी आले. ट्रकने फाटक पाडलं. फाटकापाशी तो बसला होता, पाठ भिंतीला लावून. हिरवं जाकीट अंगात. उठला, हात वर केले. मी वरच्या खिडकीतून स्पष्ट पाहिलं, दोन्ही हात वर होते. बंदुकीचा पहिला दस्ता तोंडावर बसला. तो खाली पडला तरी ते थांबले नाहीत. चार जण होते, आळीपाळीने मारत होते, एक दमला की दुसरा. मी जिन्यावरून खाली धावले. एकाने मला जमिनीवर पाडून मानेवर गुडघा ठेवला. गाल मातीत, आणि एक डोळा उघडा होता तेवढ्याने मी सगळं बघितलं. त्यांच्या बुटांचा आवाज ओला येत होता.

मग आत शिरले. छपाईच्या चौकटी भिंतीवर आपटून तोडल्या, शाईचे डबे फोडले. आचारणीने दार धरून ठेवलं म्हणून दारातच तिची बोटं चिरडली. ती आता उजव्या हाताने काही धरू शकत नाही. आम्हा दोघींना सोडून बाकीच्यांना ट्रकमध्ये गुरांसारखं कोंबलं. जे मिळालं ते मिळालं म्हणून पुढची झडती घेतलीच नाही.

मला उठवून त्याच्यापाशी नेलं. अधिकारी तरुण होता, रुमालाने स्वतःचे हात पुसत होता. चेहरा म्हणून काही उरलं नव्हतं दादा. कपाळाचं हाड आत गेलं होतं. नाडी थोडी चालू होती. अधिकाऱ्याने विचारलं, “कोण हा? नीट बघून सांग.”

मी म्हणाले, “माझा भाचा.”

मग नाडीही थांबली. त्याने जाकिटाच्या खिशातला बिल्ला काढून नंबर वाचला, मान हलवली आणि कागदावर लिहिलं. पाय धरून ट्रकमध्ये टाकलं.

फाटकापाशी, सकाळी, हिरव्या जाकिटात. त्यांना हे ठाऊक होतं. ट्रक सरळ त्याच्यावरच आणला. मी हे जगात एकाच माणसाला लिहिलं होतं.

तू आयुष्यभर लांबून मारलंस. यालाही लांबूनच मारलंस. आईची शपथ घेऊन मारलंस. पुन्हा मला पत्र लिहिलंस तर मी ते न फोडता चुलीत घालीन.


९ फेब्रुवारी

दादा,

तू पत्र लिहिलं नाहीस, स्वतःच आलास. जानेवारीतल्या त्या दुपारबद्दल मला तुला बरंच सांगायचं आहे, आणि ते आजच सांगता येतं. काल वकीलबाईंचा निरोप आला म्हणून.

फाटकाच्या जागी आम्ही पत्रा लावला आहे, तो सरकवून तू आत आलास. मी तुला ओळखलंच नाही. केवढा वाळलास रे. खांद्यावर कापडी पिशवी. इस्त्रीच्या टेबलासमोर बसलास, पिशवीतून स्टीलचा डबा काढून मांडीवर घेतलास. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. तू म्हणालास, “शेवटी तू होतीस त्याच्याजवळ. काही म्हणाला का?”

मी छपाईच्या तुटक्या चौकटी उगाच रचत बसले.

मग तूच बोलायला लागलास. “मीच कळवलं. त्यांनी शब्द दिला होता, अंगाला हात लावणार नाही. वाटलं, दोन-तीन वर्षं आत बसेल, डाग धुऊन बाहेर येईल. आयुष्यभर पळपुटा म्हणून कुठे तोंड लपवत फिरला असता?” पुढे म्हणालास, “त्यांनी ओळख पटवायला बोलावलं. मी चादर उचलली नाही गं. बाहेर जाकीट ठेवलं होतं, ते ओळखलं आणि सही केली. इतकी माणसं मेलेली पाहिली, पण ती चादर उचलवली नाही.” त्याच्या अस्थींचा डबा उशाशी घेऊन झोपतो, असंही म्हणालास.

त्यानंतर काय झालं ते तुझ्या डोक्यावरच्या टाक्यांना विचार. मी ज्या बाईला तीस वर्षं ओळखते ती बाई काठी आली तर हात पाठीमागे बांधून उभी राहायची. तरण्या पोरांना शिकवायची की मार खा, पण उलटा हात टाकू नका. त्याच बाईने छपाईची तुटकी चौकट उचलली आणि तुझ्या डोक्यात घातली. पुन्हा घातली. लाकूड मोडलं तेव्हा उरलेल्या तुकड्याने खांद्यावर, पाठीवर, कानावर मारलं. कानावर जाणूनबुजून मारलं. तोंडाने काय काय बोलत होते ते आचारीण अजून सांगत नाही मला. मला थांबायचं नव्हतं. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

तू हात उचलला नाहीस. तू फक्त डब्यावर वाकलास. दोन्ही हात त्याच्याभोवती, छाती त्याच्यावर, आणि सगळे फटके पाठीवर घेतलेस. डब्याला एकसुद्धा लागू दिला नाहीस. ते बघून माझा हात थांबला. तुला वाटलं असेल, दमले.

डब्यात चिमटा आहे.

आता बसून वाच. छाप्याच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या मुलाने जाकीट काढलं. आपण होऊन. आम्ही जेवत होतो, तो मध्येच उठला, जाकीट काढून टाकीतल्या ढिगावर ठेवलं आणि परत येऊन जेवायला बसला. आचारणीने त्याला वाढलं फक्त. त्या रात्री तो पहिल्यांदा सलग झोपला. सकाळ झाली तरी वाळवणीच्या खोलीत घोरत होता. चिमटा लवकर उठला, थंडी होती, ढिगात वरच पडलेलं जाकीट त्याने अंगात घातलं. आमच्याकडे असंच असतं. जाता जाता मला म्हणाला, “म्हातारे, आज त्याच्या जागेवर मी बसतो, बघतो काय एवढं दिसतं रस्त्यावर.” मी म्हणाले, “बस, आणि ऊन खाऊन जाड हो.” दोघांची उंची एक, दोघांची डोकी भादरलेली.

ट्रकचा आवाज आल्याबरोबर आचारणीने तुझ्या मुलाला अंथरुणातून उचलून धुवायच्या मोठ्या यंत्रात कोंबलं आणि वरून ढिगातले कपडे टाकले. मग जाऊन तिने ते दार धरलं. त्या लोखंडी पिंपात बसून त्याने सगळं ऐकलं. बाहेर येऊ नये म्हणून स्वतःचा हात चावत होता. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा मनगटाचं मांस निघालं होतं.

“कोण हा?” असं त्या अधिकाऱ्याने विचारलं, तेव्हा माझ्याकडे विचार करायला वेळ नव्हता. नाडी चालू होती रे. मी चिमटा म्हणून हाक मारली असती तर त्याने ऐकलंही असतं कदाचित. मी म्हणाले, माझा भाचा. माझ्या पोराचा शेवटचा श्वास मी तुझ्या पोराच्या नावावर लिहून दिला. आणि नंतर त्याच्या नावाने हंबरडासुद्धा फोडता आला नाही, कारण समोरच्या दुकानात पाळतीवर माणूस बसलेला असायचा आणि मी रडायचं ते भाच्यासाठी. दोन महिने मी चुकीच्या नावाने रडले.

तू आलास तेव्हा तुझा मुलगा वाळवणीच्या खोलीत होता. मध्ये एक पत्र्याचं दार, बस. त्याने तुझा आवाज ओळखला. तू चादरीचं बोललास तेव्हा त्याने कडीला हात घातला होता. मी मारायला लागले तेव्हाही हात कडीवरच होता. मग तू उठलास, रुमाल डोक्याला लावलास, डबा पिशवीत घालून गेलास. मी आत गेले तर तो कडी धरून तसाच उभा. म्हणाला, “आत्या, ते अजून थोडा वेळ बसले असते तर मी बाहेर आलो असतो.” मग म्हणाला, “बरं झालं उठले.”

मी तुला तेव्हाच का नाही सांगितलं? तू आनंदाने वेडा झाला असतास, आणि दुसऱ्या दिवशी शहाणा होऊन पुन्हा कचेरीत गेला असतास. आईची शपथ एकदा मोडली की दुसऱ्यांदा जड जात नाही.

तो आता सरहद्दीपलीकडे आहे. वकीलबाई तुझ्या पहिल्या पत्राच्या आधीपासून त्याच्या कागदांच्या मागे होत्या. ते मी तुला लिहिलं नव्हतं, म्हणून तेवढं तरी वाचलं. तिथे त्याला हात लावता येणार नाही, तुझ्या लोकांनाही नाही आणि तुलाही नाही. तुला पत्र लिहिशील का, असं मी त्याला विचारलं होतं. नाही म्हणाला. कधीच नाही का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. तू माझ्यावर खोटी साक्ष दिल्याची तक्रार कर, खुशाल कर, मी इथेच आहे.

पण त्याच्या आधी एक काम कर. तुझा मुलगा जिवंत आहे, तुला डब्याची गरज नाही. माझा मला परत दे. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, वाकून धरला होतास तसाच धरून आण. मी मारणार नाही असं लिहून देत नाही. तरी ये.